दोन राज्यांचा एक हौशा

हसा, हसा. हसायला काय निजाम सरकारची मनाई न्हाई. पण तुमाला सांगतो, त्या बैलाच्या अंगावर जे लिवलंय ते मला वाचता येत न्हाई, आन येत असतं तर ही येळच आली नसती! सकाळधरनं आष्टीच्या ह्या बाजारात तुमी अकरावे. माणूस येतो, बैलाकडं बगतो, ओठ हालवत हालवत वाचतो, मंग माझ्याकडं बगतो आन उपरणं तोंडाला लावतो. बैल विकायचा न्हाई. मी हिरमुजी घ्यायला आलोय, लाल, रंगवायची. पोळा होऊन महिना झाला आन आता रंग कशाला म्हणता? तेच तर सांगतोय, बसा की सावलीला.

आमचं गाव वढ्याच्या काठाला. वढ्याच्या अलीकडं निजामाची मोगलाई, पलीकडं इंग्रजी राज्य, नगर जिल्हा. वढा म्हणजे केवढा, तर म्हैस आडवी बसली की तोंड इंग्रजीत आन शेपूट मोगलाईत. तिला काय फरक पडत न्हाई. फरक पडतो माणसाला, कावून की माणसाला पुढारी लागतो.

आमचे पुढारी म्हणजे गहिनीनाथ पाटील. बाप पाटील, आजा पाटील, म्हणून हे पाटील. निवडायबिवडायचा सवालच न्हाई, पावसासारखं हाय, पडंल तसा सोसायचा. गावात त्यांचं नाव निघालं की माणूस आधी थुकतो, मंग बोलतो. आता असं बगा, तालुक्याचे साहेब दौऱ्यावर आले की पाटील गावाच्या कोंबड्या, गावाचं दूध, गावाच्या बाजा सगळं चावडीवर गोळा करणार, आन साहेबांनी इचारलं, गाव कसं हाय, की हात जोडून एकच उत्तर, "सब खैरियत, हुजूर." हिरीचा तळ दिसतोय, सब खैरियत. गावात पटकी, मेलेल्याला उचलाया चार जित्ते मिळंनात, सब खैरियत. एकदा तर ह्यांनी बोलायला आन चावडीचं माळवद खाली यायला एकच गाठ पडली. साहेब बाहेर पळाले. धुरळ्यातनं आवाज आला, "सब खैर..." आन मंग खोकला.

पण तुमाला सांगतो, पाटील मनानं वाईट न्हाईत हो!

हे मी म्हणतो. गावात मी एकटाच म्हणतो. गाव मला इचारतं, आसाराम, तुला त्या माणसात काय दिसतं? काय दिसणार? मला काय दिसलंच न्हवतं, मी झोपलतो! खरं सांगू का, ह्या सगळ्याचं मूळ त्या झोपेत हाय.

तीन वर्षांमागची गोष्ट. माळवद पडलं आन गाव चिडलं. मारुतीपुढं बेलभंडार उचलून समद्यांनी शपथ घेतली, की पोळ्याला पाटलाचा मानाचा बैल वेशीतनं निघंल तवा एकानंबी आपला बैल त्याच्यामागं काढायचा न्हाई. दारं लावून घरात बसायचं, पाटील एकटा जाऊ दे. समदं गाव हजर होतं. मी रानात बाभळीखाली पडलतो, जरा डोळा लागलता. पोळ्याच्या दिवशी हलगी वाजली, मला वाटलं उशीर झाला, म्हणून माझी जोडी, हौशा आन नवशा, घेऊन पळत सुटलो. बगतो तर गल्ली मोकळी! पुढं पाटलाचा बैल, मागं कुणी न्हाई. मी मनात म्हणलं, वा आसाराम, लोक अजून झोपलेत, आपला नंबर दुसरा!

वेशीत पाटलांनी मागं वळून बगितलं. सगळ्या गावात मी एकटा. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आन म्हणले, "आसाराम, गावात मर्द तू एकच." मी सांगणार होतो, पाटील, मला कुणी कळवलंच न्हाई. पण माझ्या पाठीवर तवापातूर बापानं सुदिक हात ठेवला न्हवता. म्हणजे ठेवला होता, पण तो मारायला. तो हात पाठीवर ऱ्हावा म्हणून मी सत्य गिळून टाकलं.

झालं! त्या दिवसापासनं मी पाटलाचा माणूस. शेजारी चुलीला विस्तव देईना. पाणवठ्यावर आमच्या कारभारणीला, चतुराबाईला, बाया जागा देईनात, ती आली की घागरी उचलून सरकायच्या. ती घरी येऊन माझ्यापुढं घागर आदळायची. आन मी? मी चावडीवर, जाजमावर! तसं अर्धा जाजमावर, अर्धा भुईवर. पण पाटील सुपारीचं खांड द्यायचे, म्हणायचे, "आसाराम, तुझं काय मत?" मत मला कुठलं? मी आपला म्हणायचो, तुमचं तेच माझं. लई गोड वाटायचं. पोळा आला की गाव दारं लावायचं आन मी एकटा हौशा-नवशाला घेऊन पाटलामागं. एक माणूस, दोन बैल, असा आमचा पक्ष. त्यातले दोन बिनबोलणारे आन तिसरा मी.

आन औंदा पोळ्याच्या आधी चार दिवस हौशा वढा वलांडून पलीकडं गेला. केलं काय त्यानं? चार ताटं बाजरी खाल्ली! इंग्रजांच्या एवढ्या मोठ्या राज्यात चार ताटांनी काय खड्डा पडतो? पण धरला त्याला आन टाकला त्यांच्या कोंडवाड्यात. मी पळत गेलो. तिथला राखणदार म्हणाला, जनावर मोगलाईतलं हाय, तुमच्या गावच्या पाटलाची चिठ्ठी आणा, आमच्या मेंबरच्या नावानं, की बैल ह्यांचाच म्हणून. न्हाई आणली तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लिलाव.

लिलाव म्हणल्यावर चतुराबाईच्या डोळ्यातलं पाणी पुढ्यातल्या पिठात पडाया लागलं. हौशा तिच्या माहेरचा. लग्नात तिच्यासंगं गाय आली, तिचं ते वासरू. तिनं त्याला भाकरीचा काला खाऊ घालून वाढवलेलं. रबीची पेरणी तोंडावर, आन हौशाबिगर नवशा तिफणीला खांदा देत न्हाई, जागचा हालत न्हाई. ती मला म्हणली, "तीन वर्सं पाटलामागं हिंडलाव. त्याच्या पायी मी गावात एकटी पडले. आता एक चिठ्ठी तर आणा. न्हाई आणली, तर नवशाच्या जोडीला जुवाखाली तुमी." आन तुमाला सांगतो, ती चेष्टा करत न्हाई.

गेलो चावडीवर. पाटील म्हणले, मी चिठ्ठी लिहू? कुणाला? त्या राधाकिशन मेंबरला? लोकल बोर्डावर लोकांनी निवडून दिलेला माणूस तो! लोकांनी! लोक उद्या कुणालाबी निवडतील. माझी सात पिढ्यांची पाटीलकी, मी त्याच्या नावानं कागद लिवला तर आजा वर काय म्हणंल? मी हात जोडले. म्हणलं, पाटील, तीन वर्सं... पाटील म्हणले, तुझी निष्ठा आमाला ठाव हाय, आन सुपारी पुढं केली. मी सुपारी घेतली. न्हाई, तुमी बगू नका असं माझ्याकडं, मी घेतली!

मंग दारातनं निघता निघता मी सहज म्हणलं, औंदा पोळ्याला तुमच्यामागं कुणी न्हाई म्हणजे. पाटील थांबले. बोटं मोजली. मोजण्यासारखं काय होतं, एकच बोट! लगोलग दऊत-टाक मागवला. चिठ्ठी उर्दूत, कावून की पाटलांना लिवता-वाचता तेवढंच येतं. तालुक्याला तेच चालतं, म्हणून बापानं तेवढंच शिकवलं. मराठी बाळबोध अक्षर म्हणजे त्यांना आन मला सारखंच. वीतभर मायना स्वतःच्या नावाचा आन बैल शेवटी अर्ध्या वळीत. बायकोच्या डोळ्यातल्या पाण्यानं झालं न्हाई, पोळ्याच्या मिरवणुकीनं झालं. पण झालं ना? पाटील मनानं वाईट न्हाईत हो!

पोळ्याच्या आदल्या दिशी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळायचे आन कानात आवतन सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." चतुराबाईनं नवशाला सांगितलं. मंग वढ्याच्या काठावर गेली आन पलीकडं तोंड करून ओरडून हौशाला सांगितलं. दोन येळा सांगितलं. 

पोळ्याच्या दिशी चिठ्ठी घेऊन वढा उतरलो. पलीकडं काठावर एक दगड हाय, पुरुषभर उंच, त्याच्यावर अक्षरं कोरलेली. त्याला टेकून एक माणूस हुबा. म्हणला, मी शहादेव, मेंबरचा माणूस. मी म्हणलं, मी आसाराम, पाटलाचा माणूस. दोघांनी एकमेकांकडं असं बगितलं, जसं पटकीच्या साथीत दोन आजारी बगतेत.

मी इचारलं, ह्यो दगड कशाचा? तो म्हणला, पुलाचा. मी म्हणलं, पूल कुठं हाय? तो म्हणला, पूल व्हायचाय, पण मेंबरांनी दगड आधी बशिवला, नावासकट. मी हसलो. लई हसलो! बरं वाटलं, तुमाला खोटं कशाला सांगू, आपल्यापेक्षा वाईट कुणाचंतरी हाय म्हणल्यावर माणसाला जेवल्यासारखं वाटतं. म्हणलं, पाव्हणं, आमचा पाटील आमाला जन्मानं चिकटलाय, देवीच्या वणासारखा. त्यात आमचा दोष न्हाई. तुमी तर मेंबर निवडून आणलाय! डोळे उघडे ठेवून! तो चिडला. म्हणला, मी कुठं निवडला? मत मोठ्या सातबाराच्या खातेदारांना, मला मतच न्हाई. मी म्हणलं, मंग त्यांनी का दिलं? तो म्हणला, ते आता म्हणतेत आमी दिलंच न्हाई. सगळे तेच म्हणतेत. कुणीच दिलं न्हाई आन हे निवडून आले. मी म्हणलं, मंग आमच्यात आन तुमच्यात फरक काय? तो म्हणला, फरक हाय. तुमाला कुणी इचारत न्हाई. आमाला इचारतेत, आन मंग त्येंच्या मनाचं करतेत.

असं आमचं लई वेळ चाललं. माझा म्हणतो सब खैरियत, तुझा म्हणतो होईल, होईल. तुझा दगड उभा करतो, माझा माळवद पाडतो. शेवटी शहादेव दम खाऊन म्हणला, "काय बी म्हणा पाव्हणं, पण मेंबर मनानं वाईट न्हाईत."

आन मी गारच झालो. हे वाक्य मी तीन वर्सं रोज बोलतोय, पण दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकलंच न्हवतं. ऐकल्यावर कळलं की ह्याचा अर्थ काय. माणसाबद्दल बोलायला जगात दुसरं काहीसुदिक शिल्लक उरलं न्हाई, की हे बोलायचं.

मी म्हणलं, ते राहू द्या, ही चिठ्ठी घ्या आन माझा बैल द्या. शहादेवनं चिठ्ठी घेतली, उलटी धरली, सुलटी धरली. म्हणला, बराबर हाय. पण माझ्याकडं बगंना. मी कोंडवाड्यात डोकावलो. कोंडवाडा रिकामा! आन तेवढ्यात गावातनं ताशे सुरू झाले. इंग्रजीत समदं घड्याळावर, तीन वाजता पोळा म्हणजे तीनला पोळा, आमच्यासारखं पाटील झोपेतनं उठतील तवा न्हाई. बगतो तर गल्ली मोकळी, दारं लावलेली, पुढं मेंबरचा बैल, घड्याळाची साखळी लावलेले स्वतः राधाकिशन मेंबर, आन त्यांच्यामागं एकच बैल. अंगावर झूल, शिंगाला बेगड. माझा हौशा!

मी शहादेवचं मुंडासं धरलं. तो रडायलाच लागला हो. म्हणला, पाव्हणं, माझ्याकडं बैल न्हाई. गाव बैल काढंना. मेंबर म्हणले, मागं एकबी बैल न्हाई दिसला तर तोंड दाखवू नको. म्हणून कोंडवाड्यातला काढला. मी म्हणलं, अरे पण तू ह्या माणसाच्या नादाला लागलास कशाला? तर म्हणला, दगड बशिवला त्या दिशी कुणीतरी माझ्या हातात छत्री दिली, म्हणला, जरा मेंबरवर धर, आलोच. तो गेला तो आलाच न्हाई. तवापासनं धरलीया.

आता मला सांगा, ह्याला मी काय म्हणू? ह्याची छत्री आन माझी झोप! सोडलं मी मुंडासं.

तेवढ्यात वेशीपाशी हौशानं पाय रोवले. त्याला माझ्या हाकेबिगर चालायची सवय न्हाई. मेंबरचं तोंड उतरलं, दारांच्या फटीतनं लोक हसाया लागले. शहादेव हात जोडून म्हणला, पाव्हणं, तेवढं वेशीपातूर. अन् तुमाला सांगतो, मी माझ्या पायानं गेलो, दावं धरलं, हौशा म्हणलं, आन निघालो. पाटलाचा माणूस, मोगलाईची रयत, इंग्रजीतल्या मेंबरमागं! वेशीत मेंबर बंद दारांपुढं भाषणाला उभे राहिले. म्हणले, आज आमच्या कामाची कीर्ती एवढी पसरली, की निजामाच्या मुलखातूनसुद्धा जनता लोटली हाय. मी मागं वळून बगितलं, जनता कुठं दिसतीया का म्हणून. जनता म्हणजे मी! हौशाच्या नाकात वेसण होती, म्हणून तो दुसऱ्याच्या मागं चालला. माझ्या नाकात काय होतं?

भाषण संपलं आन मी हौशाला घेऊन सुटलो. झूल शहादेवनं काढून घेतली. खाली हौशाच्या दोन्ही कुशीवर लाल हिरमुजीची नक्षी होती, वळणावळणाची, एका वळीत, वर रेघ मारलेली. मी म्हणलं, शहादेव, नक्षी झ्याक काढली. तो म्हणला, बोर्डाच्या शाळेत दोन इयत्ता झाल्यात माझ्या. आता नक्षी काढायला शाळा कशाला लागते, हे माझ्या ध्यानात यायला नको? न्हाई आलं. आमच्या घरात अक्षर शिरलं न्हाई कधी, ते बैलावर बसून येतंय हे मला कसं कळावं?

गावात आलो तर पाटील वेशीकडं निघालेच होते. मी नवशाला सोडलं, जोडी केली आन नेहमीच्या जागी, मागं. चतुराबाई दारात उभी. हौशाला बगितलं आन पदर डोळ्याला लावला. माझ्याकडंबी बगितलं, तीन वर्सांत पहिल्यांदा घागर न आदळता. मी छाती काढली. तेवढ्यात कुलकर्ण्यांच्या ओट्यावरनं कुलकर्णी, गावात बाळबोध वाचणारा एकटा माणूस, डोळे बारीक करून मोठ्यानं वाचू लागले. "राधाकिशन... मेंबरचा... विजय असो."

गल्लीत एक दार उघडलं. मंग दुसरं. हसण्याची अशी लाट आली की हलगीवाला थांबला. आन मंग माझ्या म्हाताऱ्या शेजाऱ्यानं, धोंडीरामनं, डोकं चालवलं. तो म्हणला, गड्याहो, शपथ पाटलामागं न जायाची हाय. हा बैल मेंबरचा हाय. मेंबरमागं गेलं तर बेलभंडार मोडतो का? न्हाई मोडत! तीन वर्सं लोकांचे बैल सजून गोठ्यात कोंडलेले, त्यांनाबी वेस बगायची होती की. सुटले समदे! चाळीस जोड्या, घुंगरांचा आवाज, बाया, म्हातारी माणसं, समदं गाव हौशाच्या मागं, हसून हसून डोळ्यात पाणी.

पाटलांनी वेशीत मागं वळून बगितलं. त्यांना एवढंच दिसलं, की गाव आलंय.  म्हणले, "आसाराम, तू आणलंस रं गाव." आन मंग त्यांची नजर हौशाच्या कुशीवर गेली. कुलकर्ण्यांना इचारलं, हे काय लिवलंय?  चाळीस जोड्यांच्या घुंगरांचा आवाज बंद. मला वाटलं, आता हौशा गेला, मी गेलो, पेरणी गेली. कुलकर्ण्यांनी एकदा गावाकडं बगितलं, एकदा माझ्याकडं. हात जोडले आन म्हणले, "सब खैरियत असं लिवलंय, पाटील."

पाटील ढसाढसा रडले हो. मला मिठी मारली, हौशाला मिठी मारली, आन हुकूम सोडला, की हे अक्षर पुढच्या पोळ्यापातूर पुसायचं न्हाई. पुसलं तर कोंडवाडा, आमचा!

म्हणून ही हिरमुजी. पाऊस पडला की अक्षर उडतं, मला काढता येत न्हाई, मंग शहादेव वढा वलांडून येतो आन नव्यानं काढतो. तिकडं मेंबर खुश, की मोगलाईत आपल्या नावाचा बैल वर्षभर नांगर वढणार. इकडं पाटील खुश, की गावाची खैरियत बैलाच्या अंगावर लिवलीय. गाव खुश, माझ्या दारावरनं जाताना रोज हसतं, आन चुलीला विस्तवबी देतं. चतुराबाईला बाया पाणवठ्यावर जागा देतेत. मी अजून त्या जाजमाच्या काठावरच, पण सुपारी आता अख्खी मिळती.

परवा बाया वढ्यावर धुणं धूत होत्या, त्या पुलाच्या दगडापाशी, आता तो धुणं आपटायलाच लागतो. मी बाभळीमागं बैल पाजत होतो. मुक्ताबाईनं आमच्या हिला इचारलं, काय गं, दोन्ही राज्यांत हसं झालं, तुझा मालक असा कसा गं? चतुराबाईनं पिळा दगडावर आपटला.  माझ्याबद्दल काय सांगावं, ह्याचा तिनं लई इचार केला, मला दिसत होतं. मंग म्हणली, "मनानं वाईट न्हाईत हो."